ह्यूस्टनच्या मातीखालचे साक्षीदार : एस्थर ॲप्लिन

ह्यूस्टन शहराखाली कातळ लागत नाही. टेक्सास आणि लुईझियानाच्या किनारपट्टीवर जमिनीत खोल गेले तरी वाळू, चिकणमाती, पुन्हा वाळू, पुन्हा चिकणमाती असाच क्रम चालू राहतो. नद्यांनी कोट्यवधी वर्षे मेक्सिकोच्या आखातात आणून टाकलेला हा गाळ हजारो फूट जाडीचा आहे. सह्याद्रीच्या कड्यावर लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे लांबूनही मोजता येतात; येथे तशी एकही खूण नाही. विहिरी खणणारे कामगार या चिकट मातीला गंबो म्हणत. त्या प्रांतातल्या भेंडी घालून दाट केलेल्या रश्शाचेही नाव तेच, आणि ते नाव मातीला शोभूनही दिसे. त्यांच्या नोंदवह्यांत शेकडो फुटांपुढे एवढा एकच शब्द लिहिलेला असे. या गंबोचा कोणता भाग कोणत्या काळातला, हे ठरविण्याची रीत ज्या थोड्या माणसांनी घालून दिली, त्यांत एस्थर रिचर्ड्स ॲप्लिन यांचे नाव अग्रभागी येते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या जीवाश्मांवर त्यांनी ही कालगणना उभी केली.

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नव्हता. १० जानेवारी १९०१ रोजी ब्यूमाँट गावाजवळच्या स्पिंडलटॉप टेकाडावर तेलाचा प्रचंड फवारा उसळला आणि या किनारपट्टीचे नशीब पालटले. ते टेकाड म्हणजे खालून वर सरकलेल्या मिठाच्या घुमटाचा माथा होता. असे घुमट वर येताना भोवतीचे थर उचलतात, वाकवतात, तोडतात आणि त्या वाकलेल्या थरांच्या कुशीत तेल साठते. जमिनीवर उंचवटा दिसत होता किंवा वायूचे बुडबुडे येत होते, अशा जागा पुढील काही वर्षांत खणून झाल्या. उरले ते वर कोणतीही खूण न दाखविणारे सपाट रान. तेथे थर कोठे उचललेले आहेत हे जाणण्याचा एकच मार्ग होता : एका विहिरीत एखादा थर किती खोलीवर लागला आणि शेजारच्या विहिरीत किती खोलीवर लागला, याची तुलना. पण दोन्ही ठिकाणी लागणारा गंबो सारखाच दिसत असेल तर थर ओळखायचा कसा? मोठे शंखशिंपले सापडते तर त्यांवरून वय सांगता आले असते. मात्र फिरत्या पात्याने विहीर खणण्याची जी पद्धत येथे रूढ झाली होती तिच्यात पाते सारे चिरडून टाकी, आणि वर येई तो चिखलात मिसळलेला चुरा.

एस्थर रिचर्ड्स यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८९५ रोजी ओहायो राज्यातील न्यूआर्क येथे झाला. वडील स्थापत्य अभियंते होते आणि सैन्यासाठी काम करीत. त्यांची नेमणूक सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील अल्कट्राझ बेटावर, तेथील लष्करी तुरुंगाच्या बांधकामावर झाली, तेव्हा कुटुंबही बेटावर राहावयास गेले. पुढे कुख्यात गुन्हेगारांमुळे जगभर गाजलेले हे बेट एस्थर यांच्या लेखी घर होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील वर्गांना त्या बेटावरून बोटीने ये-जा करीत. १९१९ साली त्यांनी सन्मानपूर्वक पदवी मिळवली. विषय होते जीवाश्मशास्त्र, भूविज्ञान आणि भूरूपशास्त्र. पाठोपाठ १९२० मध्ये पदव्युत्तर पदवीही पदरात पडली.

त्याच वर्षी त्या ह्यूस्टनला रिओ ब्राव्हो ऑइल कंपनीत दाखल झाल्या. ही कंपनी सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या छत्राखालची. तिच्या भूवैज्ञानिक कामाची धुरा एडविन डंबल यांच्याकडे होती. डंबल हे टेक्सासचे एकेकाळचे राज्य भूवैज्ञानिक. किनारपट्टीची माती त्यांनी पायांखाली घातलेली होती आणि ती माती डोळ्यांना दाद देत नाही हे त्यांना पुरते ठाऊक होते. अशा माणसाने विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका तरुणीला विहिरींतून आलेल्या चुऱ्याचे नमुने तपासावयास देणे, हे त्या काळी सरसकट घडणारे नव्हते. स्त्री भूवैज्ञानिकांना विहिरीवर किंवा रानात पाठविण्यास कंपन्या राजी नसत. प्रयोगशाळेत बसून, मान खाली घालून, तासन्‌तास करण्याचे किचकट काम मात्र बायकांना जमेल असा समज होता. त्या समजात कौतुक कमी आणि उपेक्षाच अधिक होती. तरीही त्या फटीतून जी दोनचार माणसे आत शिरली, त्यांनी एक नवे शास्त्र उभे केले.

चुरा पाण्यात धुवायचा, बारीक जाळीच्या चाळणीतून गाळायचा, उरलेला गाळ वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचा आणि ओल्या केलेल्या बारीक कुंचल्याच्या टोकाने एकेक कण वेचायचा, असे ते काम. वेचायचे कण म्हणजे फोरॅमिनिफेरा. हे समुद्रात राहणारे एकपेशीय जीव आहेत. प्राणी म्हणावे तर त्यांना ना तोंड ना पोट. परंतु स्वतःभोवती ते जे कवच बांधतात ते पाहून थक्क व्हावे. कुणाचे कवच चुन्याचे, कुणाचे वाळूचे कण चिकटवून केलेले. जीव वाढू लागला की तो कवचाला नवी खोली जोडतो; कुणी या खोल्या एका रांगेत मांडतो, कुणी वेणीसारख्या, कुणी गोगलगाईच्या शंखासारख्या गुंडाळत नेतो. यांतील बहुतेक कवचे खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतात. पाते मोठ्या शिंपल्याचा चुरा करते, पण एवढ्या लहान कवचाला बहुधा धक्काही न लावता सोडून देते. मूठभर चिखलात अशी शेकडो कवचे सापडू शकतात.

सूक्ष्मजीवाश्म हा शब्द एका कुळापुरता नाही. सिलिकेची काचेसारखी जाळी विणणारे रेडिओलॅरिया, डायटम नावाची एकपेशीय शैवले, ऑस्ट्राकोड या शिंपल्यात राहणाऱ्या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांचे अवशेष, वनस्पतींचे परागकण, हे सारे त्यात येतात. वर्गीकरणाचा आधार नातेसंबंध नव्हे, आकार होय : जे पाहण्यास सूक्ष्मदर्शक लागतो ते सूक्ष्मजीवाश्म. अपवादही आहेतच. न्युम्युलाइट हा फोरॅमिनिफेराचाच एक गट, पण त्याची चकती नाण्याएवढी होई. गिझाच्या पिरॅमिडांच्या चुनखडकात त्या चकत्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

फोरॅमिनिफेरांचा अभ्यास एस्थर यांच्या काळी नवा नव्हता. १८२६ साली फ्रान्सच्या अल्सीद दॉर्बिन्यी यांनी या गटाला नाव दिले, जरी ते हे जीव माकुळाच्या जातकुळीतले समजत होते. नऊ वर्षांनी फेलिक्स द्युजार्दें यांनी ते साधे एकपेशीय जीव असल्याचे दाखविले. पोलंडच्या योझेफ ग्झिबोव्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्पेथियन पर्वतातल्या तेलक्षेत्रात त्यांच्या आधारे थर ओळखून पाहिले होते. पण विद्वत्तेचा मुख्य प्रवाह दुसरीकडे वाहत होता. विल्यम कार्पेंटर, हेन्री ब्रॅडी आदी ब्रिटिश अभ्यासकांच्या मते फोरॅमिनिफेरांच्या जाती अत्यंत लवचिक होत्या आणि त्यांतील कितीतरी जाती युगानुयुगे तशाच चालत आल्या होत्या. चॅलेंजर जहाजाच्या समुद्रपर्यटनातील नमुन्यांवर ब्रॅडी यांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेला प्रचंड अहवाल या विषयाचे प्रमाणपुस्तक ठरला होता. जी जात आजच्या समुद्रात आहे तीच कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दगडातही असेल, तर तिच्यावरून दगडाचे वय सांगणार कसे? आक्षेप तर्काला धरून होता. चूक होती ती त्याच्या पायात : भिन्न जातींना एकच नाव देऊन मोकळे झाल्यामुळे त्या अमर भासत होत्या.

१९२१ साली मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट येथे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेची बैठक भरली. पंचविशीतल्या एस्थर रिचर्ड्स यांनी तेथे आपला विचार मांडला. आखाताच्या किनारपट्टीवरील तेलविहिरींत लागणाऱ्या थरांचे वय त्यांतील सूक्ष्मजीवाश्मांवरून ठरविता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. श्रोत्यांत जे. जे. गॅलोवे हे जीवाश्मशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी उठून सभेसमोर या तरुणीची टर उडविली. कालपरवा महाविद्यालयातून बाहेर पडलेली पोर आम्हाला फोरॅमिनिफेरांवरून खडकाचे वय सांगायला शिकवते आहे, आणि हे होणे नाही हे तर आपणा सर्वांस ठाऊकच आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सभेतल्या अनेकांना त्यांचेच पटले.

प्रसंग कटू होता. तो पुढे या क्षेत्रात वारंवार सांगितला गेला, आणि सांगताना त्याला पुराणकथेचा आकार येत गेला : एकटी तरुणी, उद्धट प्राध्यापक, अखेर तिचा विजय. घडले ते याहून संथ आणि याहून महत्त्वाचे होते. ॲमहर्स्टहून परतलेल्या एस्थर यांनी सभागृहात उत्तरे देत बसण्याऐवजी चिखल धुण्याचे काम पुढे चालू ठेवले. शिवाय त्या एकट्या नव्हत्या. ह्यूस्टनमध्येच हंबल ऑइलच्या प्रयोगशाळेत ॲल्व्हा एलिसर आणि टेक्सास कंपनीत हेडविग निकर याच कामात गढल्या होत्या. तिघींच्या कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. विहिरीतला नमुना म्हणजे व्यापारी गुपित. शेजाऱ्याच्या हाती लागला तर लाखो डॉलरची जमीन हातची जायची. परंतु एकाच कंपनीच्या विहिरींवरून साऱ्या किनारपट्टीचा पट मांडता येणे शक्य नव्हते. १९२५ साली अमेरिकेच्या पेट्रोलियम भूवैज्ञानिकांच्या नियतकालिकात टेक्सास आणि लुईझियानाच्या किनारी मैदानाच्या भूपृष्ठाखालील स्तररचनेवर जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यावर ॲप्लिन, एलिसर आणि निकर अशी तीन नावे होती. स्पर्धा पोटापाण्याची असताना तीन संशोधकांनी आपापला पुरावा एकत्र ठेवावा, ही गोष्ट गॅलोवे यांच्या कुत्सित शेऱ्यापेक्षा अधिक स्मरणात राहावयास हवी होती. दुर्दैवाने शेराच अधिक लक्षात राहिला.

या निबंधाने गंबोला प्रथमच अंतर्गत खुणा मिळाल्या. ऑलिगोसीन काळातील गाळात त्यांनी डिस्कॉर्बिस, हेटेरोस्टेजिना आणि मार्जिन्युलिना या फोरॅमिनिफेरांच्या नावांचे पट्टे ओळखले. एखादी विहीर खाली जात असताना चुऱ्यात हेटेरोस्टेजिनाची चपटी, कंगोरेदार कवचे दिसू लागली की आपण कोठे पोचलो हे कळे. शेजारच्या विहिरीत तीच कवचे काहीशे फूट वर लागली, तर मधल्या रानात थर उचलला गेला आहे, आणि कदाचित खाली मिठाचा घुमट दडला आहे, हे अनुमान बांधता येई.

या पद्धतीत एक मेख आहे, आणि ती सोडविण्यातच तिचे मर्म आहे. विहीर खणताना वरच्या भिंतींतून माती ढासळते आणि खालच्या नमुन्यात मिसळते. त्यामुळे खालून आलेल्या चुऱ्यात वरच्या थरातले, म्हणजे नंतरच्या काळातले जीवाश्म सापडणे नेहमीचेच. मात्र खालचा जीवाश्म पाते तेथे पोचण्यापूर्वी वर येऊ शकत नाही. म्हणून विहिरीत उतरताना एखादी जात प्रथम ज्या खोलीवर दिसते, ती खोली विश्वासार्ह. भूविज्ञानाच्या काळात ती त्या जातीची अखेर असते, कारण त्या खोलीच्या वर, म्हणजे त्यानंतरच्या गाळात, ती जात नाही. सामान्य अभ्यासक जीवाचा उदय शोधतो. तेलविहिरीतल्या अभ्यासकाला त्याचा अस्त शोधावा लागतो. मृत्यूच्या दाखल्यांवरून लिहिलेला हा इतिहास होय.

काळाचा कौलही फार लांबला नाही. मॅसॅच्युसेट्सच्या शॅरन गावी जोसेफ कुशमन यांनी १९२३ साली घराशेजारी स्वतःची फोरॅमिनिफेरा प्रयोगशाळा बांधली. हार्वर्डचे हे विद्वान मेक्सिकोतल्या तेलकंपनीसाठी काम करून याच निष्कर्षाला आले होते, आणि जातींची काटेकोर विभागणी करून त्यांनी जुन्या ब्रिटिश मताला धक्का दिला. १९२६ साली तेलशोधाशी निगडित जीवाश्मशास्त्रज्ञांची स्वतंत्र संस्था निघाली आणि पुढल्याच वर्षापासून तिचे नियतकालिकही सुरू झाले. ॲमहर्स्टची सभा होऊन जेमतेम सहा वर्षे लोटली होती. गॅलोवे यांचेही मत पालटले. इतके की १९३३ साली त्यांनी फोरॅमिनिफेरांवर एक जाडजूड मार्गदर्शक ग्रंथच लिहिला. आपली चूक कृतीने दुरुस्त करणारे विद्वानही थोडेच असतात, एवढे श्रेय त्यांना द्यावयास हवे.

एस्थर रिचर्ड्स यांचा विवाह १९२३ साली पॉल ॲप्लिन यांच्याशी झाला. तेही तेलक्षेत्रातले भूवैज्ञानिक. लग्नानंतर काम सोडण्याची रीत त्या काळी सर्वत्र होती. एस्थर यांचे काम मात्र थांबले नाही. पुढे कंपनीची नोकरी सुटली तरी त्या सल्लागार म्हणून नमुने पाहत राहिल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठात अध्यापन केले आणि १९४४ पासून अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू होऊन १९६२ पर्यंत तेथे काम केले.

त्यांच्या आयुष्याचा हा उत्तरार्ध पहिल्याइतका नाट्यमय नाही, म्हणून तो सहसा सांगितला जात नाही. वस्तुतः तोच अधिक कष्टाचा. फ्लोरिडाचे भूपृष्ठ म्हणजे चुनखडक, दलदल आणि वाळू; त्याखाली काय आहे याचा ठाव फारसा लागलेला नव्हता. तेथे डोंगर नाहीत, खोल दऱ्या नाहीत, म्हणून थर उघडे पडलेले दिसत नाहीत. विहिरींतून वर आलेला चुरा हाच काय तो पुरावा. सप्टेंबर १९४३ मध्ये सनीलँड येथे त्या राज्यातली पहिली उत्पादक तेलविहीर लागली. पुढच्याच वर्षी पॉल आणि एस्थर यांचा फ्लोरिडा व दक्षिण जॉर्जियाच्या भूपृष्ठाखालील स्तररचनेवरील विस्तृत निबंध आला. एकमेकींपासून कित्येक मैल दूर असलेल्या विहिरींचे धागे जुळवून त्यांनी त्या द्वीपकल्पाचा खालचा सांगाडा प्रथमच सलग रेखाटला. यांतील जीवाश्मांची ओळख हा एस्थर यांचा भाग. पती-पत्नी दोघांची नावे असलेल्या निबंधात पत्नीचे काम दुय्यम धरण्याची सवय वाचकांना असते. येथे तिला आधार नाही. थरांचे वय ठरल्यावाचून नकाशाची एकही रेघ ओढता आली नसती.

त्यांनी हाताळलेले साधन पुढे तेलाची वेसही ओलांडून गेले. १९२७ साली फ्रान्समध्ये विहिरीच्या भिंतींचा विद्युत्‌रोध मोजण्याचे तंत्र सुरू झाले आणि नंतर भूकंपलहरींनी जमिनीच्या पोटातली चित्रे मिळू लागली. पण त्या चित्रांतल्या रेघेला वय देण्यासाठी सूक्ष्मजीवाश्मच लागतात. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात १९७४ साली बॉम्बे हायचे तेल लागले ते मायोसीन काळातल्या चुनखडकात, आणि तेथील थरांची कालगणनाही फोरॅमिनिफेरांच्या साक्षीने झाली. आणखी अलीकडे, आंध्रातील राजमहेंद्रीजवळ दख्खनच्या लाव्हाप्रवाहांच्या सान्निध्यात समुद्री गाळाचे थर सापडले. त्यांतील तरंगत्या फोरॅमिनिफेरांचे वय पाहून प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखविले की त्या उद्रेकांचा मुख्य टप्पा डायनोसॉरांच्या अंताच्या सुमारासच संपला असावा. सह्याद्रीच्या लाव्हात जीवाश्म टिकत नाहीत; त्याच्या वयाची एक साक्ष मिळाली ती अशी, शेकडो मैल दूर, समुद्राच्या काठी, खसखशीहून लहान कवचांत.

१९६० साली आखाती किनारपट्टीच्या भूवैज्ञानिक संस्थांच्या महासंघाने एस्थर ॲप्लिन यांचा आयुष्यभराच्या कामाबद्दल गौरव केला. ॲमहर्स्टच्या सभेला तेव्हा एकोणचाळीस वर्षे झाली होती. निवृत्तीनंतरही सूक्ष्मदर्शक सुटला नाही. मध्य आणि दक्षिण फ्लोरिडाच्या खोल क्रिटेशस थरांवरचा पती-पत्नींचा निबंध सर्वेक्षण खात्याने १९६५ साली प्रसिद्ध केला. सनीलँडचे तेल ज्या काळातल्या चुनखडकातून आले त्याच काळातले हे थर. विहिरी तोवर वाढल्या होत्या, आणि नव्या नमुन्यांनिशी त्यांनी ते सारे पुन्हा मांडले होते. २३ जुलै १९७२ रोजी मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे त्यांचे निधन झाले. हेटेरोस्टेजिनाचा पट्टा आखाती किनारपट्टीच्या भूवैज्ञानिकांच्या बोलण्यात आजही येतो. ते नुसते हेट म्हणतात.